गॅस्ट्रो की विषबाधा? आधी घड्याळ बघा, मग लघवी

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही बघता येईल. रविवारी दुपारी एकच्या सुमारास बारशाचं जेवण झालं, घरचे सगळे जेवले. सोमवार ठीक गेला. मंगळवारी पहाटे तीनला चार वर्षांची मुलगी झोपेतून उठून ओकली, सकाळपर्यंत सहा उलट्या, मग पाण्यासारखे जुलाब, ताप 100.4. बुधवारी रात्री तुम्हाला मळमळ आणि चार जुलाब. आज गुरुवार, सासूबाईंच्या (वय 68, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू) पोटात गुडगुडायला लागलंय. मिस्टरांना काही नाही. सासूबाई म्हणतात बासुंदी बाधली, शेजारच्या म्हणतात स्टमक फ्लू, आणि मेडिकलवाल्याने मुलीला पातळ अँटिबायोटिक, तुम्हाला जुलाब बंद व्हायच्या गोळ्या दिल्यात. आणि तुम्ही विचारताय की हे नक्की काय आहे ते ओळखायचं कसं.

मी सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी 27 वर्षं जनरल प्रॅक्टिस करतोय, पावसाळ्यात माझ्या ओपीडीत निम्मी गर्दी ह्याचीच असते. तरी मी तुमच्या मुलीला डोळ्यांनी बघितलेलं नाही, पोटाला हात लावलेला नाही, त्यामुळे खाली जे लिहितोय ते तुम्ही सांगितलेल्या माहितीवर, आणि पुढे जिथे जिथे "दाखवा" म्हणेन तिथे खरंच दाखवा.

पहिलं नावाचं बघू. स्टमक फ्लू म्हणजे ज्याला आपल्याकडे पेपरात "गॅस्ट्रोची लागण" म्हणून छापतात त्यातला विषाणूंमुळे होणारा प्रकार. फ्लूचा आणि ह्याचा काही संबंध नाही, तो नाका-घशाचा आणि फुफ्फुसांचा आजार, हा आतड्यांचा. त्यामुळे "फ्लूची लस घेतली होती तरी कसं झालं" हा प्रश्न मला दरवर्षी कोणीतरी विचारतंच, तर ती लस ह्याच्यासाठी नसतेच. ह्याला कारण असणारे मुख्य दोन, नोरोव्हायरस आणि रोटाव्हायरस. रोटा लहान मुलांना जास्त त्रास देतो, त्याची लस म्हणजे तोंडातून देतात ती, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्याला. सरकारी लसीकरणात ती 2016 पासून काही राज्यांत आणि 2019 मध्ये देशभर आली, म्हणजे तुमच्या मुलीला मिळालेली असणार, कार्ड काढून बघा. ती घेऊनही जुलाब होऊ शकतात पण ॲडमिट करायची वेळ येण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. नोरोची लस अजून बाजारात नाही, आणि तो लहान-मोठा कोणालाच सोडत नाही.

आता ओळखायचं कसं. लोक मला जुलाबाचा रंग सांगतात, फोटो पाठवतात (अहो खरंच पाठवतात, सकाळी चहाच्या वेळेला), पण मी आधी विचारतो घड्याळ. शेवटचं संशयास्पद काय खाल्लं, कधी खाल्लं, पहिली उलटी किती वाजता, आणि घरात दुसरा कोण कधी पडला.

बासुंदी, खवा, मलई असल्या पदार्थात जंतूंनी (म्हणजे बॅक्टेरियांनी, विषाणूंनी नव्हे) आधीच विष तयार करून ठेवलेलं असतं, ती विषबाधा अर्ध्या तासापासून फार तर आठ तासांत दिसते. रात्रीचा उरलेला भात बाहेर राहिला आणि सकाळी फोडणी देऊन खाल्ला तर त्यातलं विष एक ते सहा तासांत. म्हणजे माणूस जेवून घरी पोचेपर्यंत किंवा त्याच संध्याकाळी ओकायला लागतो, आणि ज्यांनी ज्यांनी तो पदार्थ खाल्ला ते साधारण एकाच वेळी पडतात, ताप बहुतेक नसतोच आणि दुसऱ्या दिवशी माणूस उठून बसलेला असतो. तुमच्याकडे जेवण आणि पहिली उलटी ह्यात 38 तास गेले. त्यामुळे बासुंदी निर्दोष सुटली असं मी म्हणेन, निदान सासूबाई म्हणतायत त्या अर्थाने.

नोरोव्हायरसला अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत 12 ते 48 तास लागतात, रोटाला साधारण दोन दिवस. मुलगी मंगळवारी पहाटे, तिची ओकारी तुम्ही पुसली, तुम्ही बुधवारी रात्री, सासूबाई गुरुवारी. ही अशी एकामागून एक माळ लागली की मला तपासणीची गरजच वाटत नाही, हे संसर्गाचं लक्षण आहे. सुरुवात झाली असेल बालवाडीतून, बाईंना फोन करून विचारा गेल्या आठवड्यात किती मुलं गैरहजर होती. किंवा बारशातूनही असेल, आणि ही गोष्ट बहुतेकांना माहीत नसते की नोरो जेवणातूनही येतो, स्वयंपाकाला आलेल्या कोणाला दोन दिवसांपूर्वी जुलाब झाले असतील आणि त्या हातांनी कोशिंबीर कालवली असेल तर झालं. म्हणून "विषबाधा की गॅस्ट्रो" हे दोन वेगळे कप्पे आहेत असं समजू नका. बारशाला आलेल्या दोन-चार जणांना फोन करा, सोमवार-मंगळवारी बरेच जण एकदम पडले असतील तर उगम तिथे. सॅल्मोनेलासारखे काही जंतू सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही उगवतात, त्यामुळे नुसत्या घड्याळावर शंभर टक्के भरवसा नको, पण त्यांत पोटात जोरात मुरडा आणि ताप जास्त असतो.

मिस्टर कसे वाचले? नशीब, किंवा हात चांगले धुतले, किंवा अजून पाळी यायचीय. शिवाय काही लोकांच्या आतड्यात नोरोच्या काही जातींना चिकटायला जागाच नसते, जन्मतःच तशी ठेवण असते. त्यामुळे "मी पण तेच खाल्लं, मला कुठे काय झालं" हा पुरावा धरू नका.

आता लक्षणांचं चित्र. अचानक सुरुवात, मुलांमध्ये आधी उलट्या आणि काही तासांनी जुलाब, मोठ्यांत जुलाब जास्त. जुलाब पाण्यासारखे, पिवळे किंवा हिरवट, त्यात रक्त नाही, आव नाही. ताप नसतो किंवा बारीक असतो, शंभर-एकशे एकच्या आसपास, लहान मुलांत रोटा असेल तर थोडा जास्तही चढतो. अंग कसकसतं, हातपाय मोडून येतात, डोकं दुखतं. पोटात कळ येते, जुलाब झाला की कळ ओसरते, परत येते. हे "ओसरणं" महत्त्वाचं आहे, त्यावर पुढे येतोच. नोरो एक ते तीन दिवसांत आवरतो, रोटा तीन ते आठ दिवस चालतो, त्यात उलट्या पहिल्या एक-दोन दिवसांत थांबतात आणि जुलाब रेंगाळतात. तुमच्या मुलीचं चित्र ह्यात चपखल बसतं.

मला खरी काळजी असते ती जे बसत नाही त्याची. एक माझीच चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी जुलैमधे सकाळपासून गॅस्ट्रोचे तीन पेशंट बघून झालेले, चौथा एक चौदा वर्षांचा मुलगा. आई म्हणाली काल संध्याकाळपासून बेंबीपाशी दुखतंय, रात्री दोनदा ओकला, एकदा पातळ झाली. मी ओळीतलाच चौथा समजून गोळ्या लिहून दिल्या. दुसऱ्या दिवशी रात्री तो कमरेत वाकून चालत आला, दुखणं बेंबीपासून सरकून उजव्या बाजूला खाली, हात लावू देईना. अपेंडिक्स, फुटायच्या बेतात. सर्जन मित्राने वेळेवर काढलं म्हणून निभावलं. त्याच्या आईने पहिल्याच वाक्यात मला सांगितलं होतं की दुखणं आधी आणि उलटी नंतर, मी ऐकलं नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारतो, दुखणं आधी की उलटी आधी. गॅस्ट्रोत बहुतेक वेळा उलटी-मळमळ आधी किंवा दोन्ही बरोबर, आणि कळ येऊन-जाऊन. दुखणं आधी सुरू झालं, एका जागी ठाण मांडून बसलं, जुलाब झाल्यावरही ओसरत नाही, चालताना खोकताना दणका बसतो, तर गॅस्ट्रो म्हणून अंगावर काढू नका.

दुसरी गोष्ट, नुसत्या उलट्या. जुलाब एकही नाही आणि उलट्या चोवीस तासांच्या पुढे चालल्यात तर "गॅस्ट्रो" हे नाव मी लावतच नाही, कारण लहान मुलात लघवीचं इन्फेक्शन, मेंदूज्वर, आतड्याला पीळ, मोठ्यात कावीळ (दोन दिवसांनी लघवी पिवळीजर्द झाली की कळतं), वाढलेली शुगर, डेंग्यू, काहीही असू शकतं, आणि लग्न झालेल्या बाईला आधी पाळी कधी आली ते विचारायचं. उलटी हिरवी पित्तासारखी आणि पोट फुगलेलं तर त्याच रात्री दवाखाना. आणि पन्नाशीच्या पुढचा, बीपी-शुगरवाला माणूस छातीत-पोटाच्या वरच्या बाजूला दडपण आलंय म्हणतो, दरदरून घाम आणि उलटी, जुलाब नाही, तर त्याला सोडा-लिंबू देत बसू नका, आधी ईसीजी. असे "गॅसचे" पेशंट मी स्वतः ॲम्ब्युलन्समधे बसवून पाठवलेत.

जुलाबात रक्त किंवा रक्ताची आव, वर 102 च्या पुढे ताप आणि सारखं कुंथावंसं वाटणं, हे विषाणूंचं काम नाही, ते जंतूंचं, तिथे डॉक्टर बघून अँटिबायोटिक ठरवतील. आणि तांदळाच्या धुवणासारखे पांढरट जुलाब, वास नाही, कळ नाही, पण बादलीने पाणी जातंय, तर तो कॉलरा असू शकतो. तो काही तासांत माणसाला आडवा करतो, तिथे घरगुती काही नाही, थेट हॉस्पिटल.

हे झालं नाव ओळखणं. पण खरं सांगू का, तुमच्या मुलीच्या बाबतीत हा नोरो आहे की रोटा ह्याने माझ्या उपचारात काडीचा फरक पडत नाही. फरक पडतो तो अंगातलं पाणी किती गेलं ह्याने. म्हणून घड्याळानंतर माझा दुसरा प्रश्न, शेवटची लघवी कधी आणि कशी झाली? चार वर्षांच्या मुलीने सहा-आठ तासांत लघवी केली नाही, किंवा केली ती थेंबभर आणि गडद, तर पाणी कमी पडतंय. रडताना डोळ्यात पाणी येतंय का, जीभ ओली आहे का, डोळे खोल गेलेत का हे बघा. पोटावरची चामडी चिमटीत धरून सोडा, लगेच जागेवर गेली तर ठीक, हळू गेली तर पाणी कमी, दोन सेकंदांच्या वर तशीच उभी राहिली तर हॉस्पिटल. तान्ह्या बाळात टाळू खाली गेलीय का ते हाताने बघायचं. आणि सगळ्यात भरवशाचं म्हणजे मूल वागतंय कसं. किरकिर करतंय, पाणी दिसलं की हावऱ्यासारखं पितंय, ह्याचा अर्थ पाणी कमी झालंय पण अजून हातात वेळ आहे. मूल मलूल पडलंय, हाक मारली तर डोळे धड उघडत नाही, पाणीही नको म्हणतंय, तर मेसेज टाइप करत बसू नका, उचला आणि न्या. तुम्ही लिहिलंय की ती मधेच कार्टून बघते आणि बिस्कीट मागते, हे वाचून मला बरं वाटलं.

आता ओआरएस, कारण नव्वद टक्के घरात इथेच चुकतं. मोठं पाकीट एक लिटर पाण्याला आणि छोटं पाकीट बहुतेक 200 मिलीला असतं, पाकिटावर लिहिलेलं वाचा. एक लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात कालवून पोराला पाजलेलं मी बघितलंय, त्याने रक्तातलं मीठ भलतंच वाढतं. अर्धं पाकीट आज, अर्धं उद्या असंही नको. कालवलेलं 24 तासांत संपवायचं नाहीतर टाकायचं. पाकीट मिळालं नाही तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ, मोजून. अंदाजपंचे नको. फळांच्या चवीचे गोड खोके, ग्लुकोज पावडर, कोल्ड्रिंक हे ओआरएस नव्हे, साखर जास्त असल्याने जुलाब वाढतात. असल्या गोड पेयांवर ओआरएस हा शब्द छापायला एफएसएसएआयने (अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था) ऑक्टोबर 2025 मध्ये बंदी घातली, तरी घरात जुना साठा असेल तर लेबल बघा.

"पाजलं की ओकते" ही तुमची तक्रार. पाजताय कसं? तहानलेलं मूल पेला तोंडाला लावून घटाघटा पितं आणि पाच मिनिटांत सगळं बाहेर. उलटी झाली की दहा मिनिटं थांबा, मग दर दोन मिनिटांनी एक छोटा चमचा, घड्याळ लावून. कंटाळवाणं काम आहे पण हिशोब करा, पाच मिलीचा चमचा दर दोन मिनिटांनी म्हणजे तासाला दीडशे मिली, सलाईनपेक्षा फार कमी नाही. तिच्या वयाला प्रत्येक जुलाबामागे 100 ते 200 मिली जायला हवं, तान्ह्यांना आणि दोन वर्षांखालच्यांना 50 ते 100. सलाईनचा आग्रह धरणाऱ्यांना मी नेहमी 1971 ची गोष्ट सांगतो, बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रममधे मीठ-साखरेचं पाणी कालवून नातेवाइकांच्याच हातून पेशंटना पाजायला लावलं आणि माणसं जगली. तेही कॉलऱ्यात. तरी आमच्याकडे सलाईन न लावता घरी पाठवलं की पेशंटला वाटतं डॉक्टरने काही केलंच नाही, असो.

खाणं बंद करू नका. मऊ भात, मुगाची खिचडी, पेज, ताक, केळं, थोडं थोडं. अंगावर पिणारं बाळ असेल तर दूध चालूच. मुलीला झिंक 20 मिलिग्रॅम रोज, 14 दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण करायचं, पुढचे काही महिने परत जुलाब होण्याचं प्रमाण त्याने कमी होतं.

मेडिकलवाल्याची औषधं. मुलीचं अँटिबायोटिक देऊ नका, विषाणूवर ते चालत नाही आणि उलट कधी कधी त्यानेच जुलाब वाढतात. जुलाब बंद व्हायची गोळी मुलांना तर कधीच नाही, आणि तुम्हीही ताप किंवा रक्त असेल तर घ्यायची नाही, आतड्यातली घाण आतच कोंडते. उलटीचं औषध कधी कधी खरंच उपयोगी पडतं, पण डोस वजनावर असतो, तो डॉक्टरकडून. तापाला पॅरासिटामॉल पुरे. अंगातलं पाणी कमी असताना दुसऱ्या दुखण्याच्या गोळ्या किडनीला महाग पडतात.

सासूबाईंकडे मात्र मुलीपेक्षा जास्त लक्ष द्या, त्यांना अजून फक्त गुडगुड आहे तरी. म्हातारी माणसं तहान लागली म्हणत नाहीत, जुलाब झाले तर संकोचाने आकडा कमी सांगतात आणि रात्री बाथरूमला जाताना चक्कर येऊन पडतात. त्यात बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात, काही किडनीवर परिणाम करणाऱ्या, शुगरच्याही काही गोळ्या उलट्या-जुलाबात एक-दोन दिवस थांबवाव्या लागतात. कुठल्या थांबवायच्या हे मी इथे बसून सांगणार नाही, गोळ्यांची नावं मला माहीत नाहीत. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना आजच फोन करून नावं वाचून दाखवा. इन्सुलिन असेल तर मनाने बंद करायचं नाही. शुगर घरी मोजत असाल तर दिवसातून तीन-चारदा मोजा. ओआरएस त्यांनाही चालतं, "त्यात साखर असते" म्हणून अडवू नका.

आणि माळ तोडायची तर साबण-पाण्याने हात, निदान वीस सेकंद, संडासानंतर आणि स्वयंपाकाआधी. सॅनिटायझरवर विसंबू नका, नोरोवर तो फारसा चालत नाही. शंभरापेक्षा कमी कण पोटात गेले तरी आजार होतो, त्यामुळे ओकारी झाडूने लोटायची नाही, वर कागद टाकून उचलायची, मग एक लिटर पाण्यात 20-25 मिली घरगुती ब्लीच घालून ती जागा ओली ठेवायची, पाच-दहा मिनिटांनी पुसायची, खिडकी उघडून. ज्याला जुलाब होतायत त्याने स्वयंपाक करू नये, म्हणजे आज-उद्या मिस्टरांना कुकर लावू दे.

बरं झाल्यावरची एक गोष्ट, घाबरवायला नाही, माहिती असावी म्हणून. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रोड, किरकटवाडी, धायरी भागात गिलियन-बारेचे (नसांचा आजार, ज्यात हातापायांतली ताकद जाते) पेशंट एकदम वाढले, त्यातल्या अनेकांना आधी जुलाब झाले होते आणि नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जंतू आणि नोरोव्हायरसही सापडला. जुलाब झालेल्यांपैकी फारच थोड्यांना असं होतं. पण जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांत पायात मुंग्या, जिना चढता येईना, पायातली ताकद गेल्यासारखी वाटली तर अशक्तपणा समजून टॉनिक घेऊ नका, लगेच दाखवा.

शाळेचं विचारलंत, तर शेवटचा जुलाब किंवा उलटी झाल्यापासून 48 तास घरी ठेवा. विष्ठेतून विषाणू दोन आठवडे किंवा जास्तही बाहेर पडत राहतो, तेवढे दिवस कोणी घरी बसवू शकत नाही, म्हणून बाईंना सांगून तिचे हात साबणाने धुवून घ्यायला सांगा. आज जुलाब थांबले तर सोमवारी पाठवायला हरकत नाही, नाहीतर मंगळवार-बुधवार. तेवढा सासूबाईंच्या डॉक्टरांना फोन आधी करा, शाळेचं उद्या बघता येईल.